स्वादुपिंडातील दुर्मीळ गाठी: होण्याचा हिशेब आणि सापडण्याचा हिशेब

१९९१ साली जपानमधील संशोधकांनी ८०० शवविच्छेदनांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या पद्धतीने स्वादुपिंडाचे मोजकेच काप घेऊन पाहिले, तेव्हा १.६ टक्के मृतदेहांत संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींची गाठ आढळली. परंतु ज्यांच्या संपूर्ण स्वादुपिंडाचे ओळीने काप करून तपासले, त्यांच्यात हेच प्रमाण १० टक्क्यांवर गेले. अवयव तोच, गाठीही त्याच, बदलली ती केवळ शोधण्याची चिकाटी. स्वादुपिंडातील अशा गाठींना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात आणि त्यांची कोणतीही आकडेवारी वाचताना हा अभ्यास मनाशी ठेवावा लागतो.

स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणून ज्याची धास्ती घेतली जाते, तो बहुतेक वेळा पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांशी संबंधित असतो. या गाठी मात्र संप्रेरकांशी नाते असलेल्या पेशींच्या असतात. अशा पेशींचे पुंजके पाउल लँगरहान्स यांनी १८६९ साली प्रथम वर्णिले आणि पुढे त्यांच्याच नावाने ती ‘बेटे’ ओळखली जाऊ लागली. गाठ जर अतिरिक्त संप्रेरक स्रवत असेल, तर ती स्वतःच आपला पत्ता सांगते: इन्शुलिनोमाच्या, म्हणजे इन्शुलिन स्रवणाऱ्या गाठीच्या, रुग्णाला रक्तातील साखर उतरल्यामुळे घाम फुटतो, भोवळ येते, कधी शुद्धही हरपते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड काउंटीत केलेल्या पाहणीनुसार इन्शुलिनोमाचे वर्षाला १० लाख लोकांमागे सुमारे ४ नवे रुग्ण आढळले. बहुसंख्य गाठी मात्र अशी कोणतीही खूण देत नाहीत. मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी सीटी स्कॅन काढला जातो आणि त्यात स्वादुपिंडातली गाठ अवचित दिसते.

आता वाढीच्या आकड्यांकडे पाहू. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीनुसार शरीरातील सर्व अवयवांच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींचा दर १९७३ साली १ लाख लोकांमागे १.०९ होता, तो २०१२ मध्ये ६.९८ झाला. त्यांत स्वादुपिंडाचा वाटा लहान आहे. २००० ते २०१२ या काळात तो १ लाखामागे सुमारे ०.४८ एवढाच होता. जपानच्या राष्ट्रीय पाहणीत २०१० साली स्वादुपिंडातील या गाठींच्या नव्या रुग्णांचा दर १ लाखामागे १.२७ निघाला आणि तेथे संप्रेरकाची लक्षणे नसलेल्या गाठींचे प्रमाण २००५ मधील ४७ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांच्या पुढे गेले. ही शेवटची बाब मला सर्वांत बोलकी वाटते. रोगच सर्व बाजूंनी वाढत असता, तर स्वतःहून लक्षणे दाखवणाऱ्या गाठींचा वाटा असा घटला नसता. वाढ प्रामुख्याने मूक, लहान आणि स्वादुपिंडापुरत्याच मर्यादित असलेल्या गाठींत दिसते, यावरून स्कॅन आणि एन्डोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडावाटे नळी घालून आतून केली जाणारी सोनोग्राफी) यांच्या प्रसाराचा त्यात मोठा हात असावा. शिवाय जुन्या नोंदणीत ‘सौम्य’ ठरवलेल्या गाठी बऱ्याचदा मोजल्याच जात नसत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणाने या सर्वच गाठींत घातक होण्याची क्षमता मान्य केली, आणि व्याख्या बदलली की मोजणीही बदलते. खरी वाढ मुळीच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

कारणांविषयी ठामपणे सांगण्यासारखे थोडेच आहे. सुमारे १० टक्के रुग्णांत ‘मेन-१’सारखा (अनेक संप्रेरक-ग्रंथींत गाठी होण्याचा) आनुवंशिक दोष असतो. मधुमेहाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला, परंतु स्वादुपिंडातील गाठच साखरेचे गणित बिघडवू शकते. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे अवघड होते.

आणखी एक चमत्कारिक विसंगती आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांत न्यूरोएंडोक्राइन गाठींचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के, पण हयात रुग्णांत तो १० टक्क्यांच्या आसपास भरतो. नलिकांच्या कर्करोगाचे रुग्ण अल्पकाळात दगावतात, तर या गाठींचे रुग्ण अनेकदा वर्षानुवर्षे जगतात. धर्मशाळेत येणारे थोडे, पण मुक्काम लांबलेला, असा हा प्रकार आहे.

आपल्याकडे मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालते. त्यांचे प्रमुख तक्ते अवयवानुसार असल्याने या गाठी ‘स्वादुपिंड’ या एकाच रकान्यात विरघळून जातात. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. ‘न्यूरो’ म्हणजे दरवेळी मेंदूच नव्हे, हेही त्यांनाच सांगावे लागले.

सध्या २ सेंटिमीटरपेक्षा लहान, लक्षणविरहित आणि संथ गाठ असेल, तर तत्काळ शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवण्याचा पर्याय दिला जातो. अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईलच असे नाही, आणि तो न गेल्यास ती कर्करोग नोंदणीच्या वहीत उतरण्याची शक्यताही कमी राहते.