गाण्यातला आवाज वेगळा 'काढत' नाहीत, तो ओळखावा लागतो

डीजे आणि एआय हा विषय निघाला की हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे "आता डीजेची गरजच काय" आणि दुसरं "त्यात काय, नुसतं बटण तर दाबायचं". दोघांनीही एकदा हेडफोन लावून डीजेच्या सॉफ्टवेअरमधलं स्टेम्सचं, म्हणजे गाण्याचे आवाज, ड्रम्स, बास आणि बाकीची वाद्यं असे चार भाग सुटे करणारं, बटण काय करतं ते ऐकावं असं मला अगदी मनापासून वाटतं. चालू गाण्यात ते दाबलं की ड्रम्स, बास, बाकीची वाद्यं सगळं गप्प होतं, गायिकेचा आवाज तेवढा एकटा उरतो, आणि डीजे त्याच्याखाली भलत्याच गाण्याचा ताल सरकवतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेच वीस सेकंद पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसलो होतो.

बऱ्याच जणांना वाटतं की फाइलमध्ये आवाज, ड्रम्स असे वेगवेगळे थर असतात आणि सॉफ्टवेअर त्यातला एक उचलतं. तसं अजिबात नसतं. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात डाव्या स्पीकरसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे आणि उजव्यासाठी तेवढेच, बास, एवढंच असतं. प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी वाजणाऱ्या सगळ्यांची बेरीज. मी नुसतं १७ सांगितलं आणि विचारलं की कुठल्या चार आकड्यांची बेरीज केली होती, तर काय सांगाल? उत्तरं अगणित आहेत.

पूर्वी कराओकेसाठी एक युक्ती चालायची. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो, म्हणून उजव्या बाजूतून डावी बाजू वजा केली की तो नाहीसा होतो. पण बास आणि किक ड्रमही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखेच असतात, तेही जातात, आणि गाणं पोकळ होऊन बसतं.

आता एआय साधारणपणे काय करतं ते बघा, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. गाण्याचे साधारण ९३ मिलिसेकंदांचे, म्हणजे ४,०९६ आकड्यांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यावर फूरियेचं गणित चालवलं की कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते कळतं. ते सगळे शेजारी शेजारी मांडले की गाण्याचं चक्क चित्र तयार होतं, आडवा काळ आणि उभी फ्रिक्वेन्सी. त्यात ड्रमचा ठोका उभी रेघ दिसतो, कारण तो क्षणात सगळ्या पट्टीभर फुटतो, आणि गाणारा आवाज एकावर एक रचलेल्या, किंचित थरथरणाऱ्या आडव्या रेघांसारखा दिसतो. मग न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, चित्राच्या प्रत्येक चौकटीला शून्य ते एकमधला एक आकडा देतं. ०.७ दिला तर यातला सत्तर टक्के जोर आवाजाचा. या आकड्यांच्या जाळीला मास्क म्हणतात. चित्राला त्याने गुणायचं, फूरियेचं गणित उलटं फिरवायचं, की आवाज हातात. थोडक्यात आवाज कुठून बाहेर काढलेला नसतो, तिथे आवाज असावा असा अंदाज केलेला असतो.

हा अंदाज नेटवर्क शिकतं ते आधीच सुटी-सुटी रेकॉर्ड केलेली गाणी ऐकून. म्यूसडीबी१८ नावाच्या प्रसिद्ध संग्रहात अशी १५० गाणी आहेत, जेमतेम दहा तास. डीझर कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर हे गाण्याचे असे भाग सुटे करणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत डीजेंच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बटण येऊन बसलंच.

पण ९३ मिलिसेकंद थोडे नाहीत. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या, गाण्यात दोन ठोक्यांत ४६९ मिलिसेकंद असतात, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि नेटवर्कला तर मागचेपुढचे काही सेकंद लागतात. मग लाइव्ह कसं जमतं? तर पूर्ण गाणं फाइलमध्ये आधीच असतं, सॉफ्टवेअर वाजणाऱ्या जागेच्या पुढे धावत राहतं. कोणी माइकवर प्रत्यक्ष गात असेल तर ही सोय नाही, पुढचं अजून गायलंच गेलेलं नसतं.

बीपीएम आणि स्केल ओळखणं त्या मानाने सोपं, तरी ८७ आणि १७४ मध्ये मशीन अजूनही गोंधळतं, कारण दोन्हीचे ठोके एकमेकांत बसतात. स्केलवरून आठवलं, ४३२ हर्ट्झ ही विश्वाची कंपनं असून ती ऐकली की आजार बरे होतात, असं फिरत असतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद तर माणसाने दिवसाचे तुकडे करून ठरवलाय. टर्नटेबलचा पिच स्लाइडर, म्हणजे रेकॉर्डचा वेग कमी-जास्त करणारी पट्टी, १.८ टक्के खाली ओढला की वाद्यं जुळवायच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झचे ४३२ होतात. डीजे हे कित्येक दशकं करतायत, त्याने कोणाचा आजार बरा झालेला नाही. "गर्दीचा मूड ओळखणारं एआय" या जाहिरातींवरही माझा विश्वास नाही. कॅमेरा फार तर किती हात वर आहेत ते मोजेल, लोक दमलेत की कंटाळलेत हे त्यावरून कळत नाही.

आता पुन्हा हेडफोन लावा आणि नुसता आवाज ऐका. गायिका 'स' किंवा 'श' म्हणते तिथे मागे हाय-हॅटची, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीची, चुरचुर ऐकू येते. कारण 'स' हा सूर नाहीच, तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा फुसफुसाट आहे, आणि हाय-हॅटही तसाच, दोघांच्या चौकटी चित्रात सारख्याच दिसतात. चारही स्टेम्स चालू असले की हे समजत नाही, कारण एकाचं कमी पडलेलं दुसऱ्याकडे असतं आणि बेरीज जवळपास मूळ गाणंच होते. आवाज एकटा सोडला की उघडं पडतं. म्हणून चांगला डीजे आधी हेडफोनमध्ये अशा जागा शोधून ठेवतो आणि नव्या गाण्याचा हाय-हॅट नेमका तिथेच पडेल असा बसवतो, मग ती चुरचुर त्याच्याखाली झाकली जाते आणि समोर नाचणाऱ्याला फक्त आवाज ऐकू येतो.