चावडीवरची हजेरी ते समेटाचा कागद

'पुनर्स्थापक न्याय' हा शब्द जिभेला जड, पण कल्पना साधी आहे. गुन्ह्यात कुणाचं काय गेलं आणि ते कुणी कसं भरून द्यायचं, हे ज्याचं गेलं त्याला समोर बसवून ठरवायचं.

आधुनिक काळात याची सुरुवात कॅनडातल्या एल्मायरा गावापासून धरतात. १९७४ साली दोन पोरांनी दारूच्या नशेत तिथं एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली. प्रोबेशन अधिकारी मार्क यांत्झी यांनी सुचवलं, यांना त्या लोकांच्या दारात उभं करूया. न्यायाधीशांनी मान्य केलं. पोरं दारोदार गेली, शिव्या ऐकल्या असतील, नसतील. पण काही महिन्यांत भरपाई फेडली. पुढे न्यूझीलंडने १९८९ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक कायद्यातच घातली, तीही माओरी रीतीचा आधार घेऊन.

आपल्याकडे बैठक नवी नाही. शिवकाळात गोतसभा बसायची, पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सगळे निवाड्याला असायचे आणि निकालाचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. जिंकणाऱ्याने 'हरकी' द्यायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. गंमत अशी की दोन्ही रकमा सरकारात जमा. शिवाय गोत म्हणजे जातही आलीच. गोतात परत घेणं जितकं सोपं, तितकंच वाळीत टाकणंही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला, तो उगीच नाही.

कोल्हापूरची खरी पुंजी मात्र वेगळी आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी होती. दिवसभर राबून आलेल्या माणसाने चावडीपुढे जाऊन 'मी इथंच आहे' हे दाखवायचं. चोरी केली म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मला म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला आसरा दिला, काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हाती राखण! स्वतंत्र भारताने तो इंग्रजी कायदा १९५२ मध्ये रद्द केला, म्हणजे ३४ वर्षांनी.

शेजारच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही कैद्यांची खुली वसाहत. भिंत नाही, शेती आहे. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी यावरूनच 'दो आँखें बारह हाथ' काढला.

पण सोनतळी काय, स्वतंत्रपूर काय, दोन्हीकडे विचार झाला तो शिक्का बसलेल्या माणसाचा. ज्याचं घर फुटलं, ज्याला मार बसला, तो चित्रात कुठेच नाही. माझ्या मते इथली उणी बाजू हीच.

१५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ही उणीव भरून निघू शकली असती. गावोगावी समित्या झाल्या, कायद्याने तडजोडीला मुभा असलेले फौजदारी तंटेही त्यांच्यापुढे आले. पोलीस ठाणं आणि कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे खरंच. पण तंटे मिटवणाऱ्या गावाला बक्षीस होतं, आणि बक्षीस आलं की 'मिटवा आता' हा आग्रह आला. बैठकीत थोरल्या घरचा एक असला की धाकट्या घरचा मान खाली घालून सही करतो.

करवीर तालुक्यातला असा एक समेटाचा कागद मी पाहिला आहे. बांध कोरण्यावरून झालेली हाणामारी. 'यापुढे उभयतांत कोणताही वाद राहिलेला नाही,' खाली सह्या, पंचांची नावं. मार खाल्लेल्याच्या दवाखान्याच्या खर्चाचा, बुडालेल्या मजुरीचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नव्हता, आणि समोरच्याने माफी मागितली की नाही तेही नव्हतं. सोबत बैठकीचा फोटो मात्र जोडलेला होता.