ठोक पाणीपट्टी ते मीटरचं बिल: साताऱ्याच्या नळाची पार्श्वभूमी

नळाला मीटर बसणार अशी नुसती कुणकुण लागली की साताऱ्यातल्या कुठल्याही पेठेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग बिल वाढणार का? उत्तर घराघरागणिक बदलतं. एकाच बोळातल्या दोन घरांत एकाचं बिल निम्म्यावर येतं आणि शेजाऱ्याचं दुप्पट होतं, आणि दोघांचीही मीटरं बरोबर असतात. असं का होतं हे कळायला मीटरच्या आधी पाणीपट्टी कशावर बसत होती ते पाहावं लागतं.

सातारा शहर डोंगराच्या कुशीत, उतारावर वसलं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८१८ ते १८३९ या काळात, यवतेश्वरच्या डोंगराकडचं पाणी खापरी नळांनी गावात आणून हौदांत सोडलं होतं. मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं ही नावं आजही पत्ता सांगताना येतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासच्या तलावाचं पाणी आलं. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आणि शेकडो मीटर उंचावर, त्यामुळे डोंगराच्या कडेकडेने काढलेल्या पाटातून पाणी आपल्या पायांनी खाली उतरत आलं. ना पंप, ना वीज.

या एका गोष्टीचा बिलाशी थेट संबंध आहे. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा खर्च पाट बांधायचा, गाळ काढायचा, गळती बुजवायची आणि माणसांचे पगार द्यायचे, एवढाच. एखाद्या घराने दोन घागरी जास्त भरल्या तर नगरपालिकेला एक पैसाही जादा लागत नव्हता. मग घागरी मोजायच्या कशाला? वर्षाचा खर्च काढायचा आणि तो घरांवर वाटायचा, हा हिशेब त्या काळाला अगदी रास्त होता.

वाटायचा कसा, याची पद्धत इंग्रजी राजवटीतून आली. साताऱ्यात नगरपालिका १८५३ साली स्थापन झाली, आणि नगरपालिकांच्या कारभाराबरोबर घराच्या भाडेमूल्यावर कर बसवायची रीतही रुजली. घर वर्षाला किती भाडं आणू शकेल त्यावरून करयोग्य मूल्य, त्यावर घरपट्टी, आणि त्याच आधारावर किंवा नळाच्या व्यासावरून पाणीपट्टी. अर्धा इंची नळ असेल तर इतके, पाऊण इंची असेल तर तितके. जोडणीच्या तोंडाशी बसवलेलं फेरूल, म्हणजे ठरावीक छिद्राचा तुकडा, हेच काय ते माप. त्या नळाखाली दोन माणसं आहेत की वीस, हे कुणी विचारत नसे.

इथेच पेठांमधल्या वाड्यांची गंमत सुरू होते. गावभागातला वाडा म्हणजे दर्शनी भागात मालक, चौकाभोवती पाच-सहा भाडेकरू आणि मागच्या बाजूला एक सामाईक नळ. पहाटे पाणी सुटलं की नंबराने कळश्या लागायच्या, नंबरावरून भांडणंही व्हायची. भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने जुनी भाडी गोठली, आणि भाडं गोठलं म्हणून करयोग्य मूल्यही फारसं हललं नाही. परिणामी वीस माणसांच्या वाड्याला अगदी नाममात्र पाणीपट्टी, आणि कॅम्पाकडे नवा बंगला बांधून राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला त्याच्या कितीतरी पट. त्या जोडप्याने कुरकुर केली असेल तर त्यात काही वावगं नव्हतं.

गंमत अशी की ही कुरकुर खुद्द इंग्लंडमध्येही झाली. तिथे आजही मीटर नसलेल्या घरांचं पाण्याचं बिल जुन्या करयोग्य मूल्यावरच निघतं, आणि ती मूल्यं १९७३ च्या फेरआकारणीतली आहेत. १९८९ ते १९९३ दरम्यान तिथे मीटरचे मोठे प्रयोग झाले, त्यात घरगुती वापर सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास घटला. नंतर १९९९ च्या कायद्याने घरमालकाला मागेल तर फुकट मीटर मिळू लागला आणि पटला नाही तर वर्षाच्या आत जुन्या पद्धतीवर परत जायची मुभाही मिळाली. तिथल्या लोकांनी आपला एक ठोकताळा बसवला आहे: घरात माणसांपेक्षा झोपायच्या खोल्या जास्त असतील तर मीटर घ्यावा. आपल्या वाड्याला हा ठोकताळा लावून पाहा, मीटरला विरोध कुठून होतो ते लगेच कळेल. फरक एवढाच की आपल्याकडे परत फिरायची मुभा सहसा नसते.

साताऱ्यात खरा बदल घडवला तो पंपाने. शहर वाढलं, कास पुरेनासं झालं, आणि नदीचं पाणी वर चढवणं भाग पडलं. उरमोडीवरून शहापूर योजना आली, उपनगरांसाठी माहुलीकडून कृष्णेचं पाणी आलं. नदी खाली आणि गाव वर, म्हणजे उलटा प्रवास. १००० लिटर पाणी १०० मीटर उंच चढवायला कागदावर पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, आणि पंप-मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर प्रत्यक्षात ०.४ युनिटच्या आसपास. घरातला लहानसा दिवा दोन दिवस जळेल एवढी ही वीज, पण गावाला रोज लाखो लिटर लागतात. आता प्रत्येक जादा घागरीमागे विजेचं बिल उभं राहिलं. कासच्या पाण्याला जो ठोक हिशेब शोभत होता तो शहापूरच्या पाण्याला परवडेना. साताऱ्यातल्या जुन्या माणसाला आजही शहापूरपेक्षा कासचं पाणी गोड लागतं, ते वेगळं.

दुसरीकडे राज्य पातळीवर पाणीपुरवठ्याची यंत्रणाच बदलत होती. १९७६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ उभं राहिलं आणि १९९७ मध्ये त्याचं नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झालं. लोकांच्या तोंडी ते नुसतं 'प्राधिकरण' किंवा 'जीवन प्राधिकरण'. शाहूपुरी, विलासपूर, खेड अशी साताऱ्याची उपनगरं तेव्हा पालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींची होती, आणि तिथे पाणी प्राधिकरणाचं. प्राधिकरणाला घरपट्टी लावायचा अधिकार नाही, त्याचं उत्पन्न पाणी विकूनच यायचं. म्हणून तिथे मीटर आले. गावात वर्षाची ठोक पट्टी आणि ओढ्यापलीकडे मोजलेल्या पाण्याचं बिल, अशी दोन राज्यं शेजारी शेजारी नांदली.

२००५ मध्ये केंद्राची नागरी पुनरुत्थान योजना आली आणि निधी हवा असेल तर पाणीपुरवठ्याचा चालू खर्च वापरशुल्कातून निघाला पाहिजे ही अट आली. महाराष्ट्राने २००८ मध्ये सुजल निर्मल अभियान आणि पाठोपाठ नगरोत्थान महाअभियान आखलं. ग्राहक सर्वेक्षण, पाण्याचं लेखापरीक्षण, विजेचं लेखापरीक्षण, संगणकावर बिलं आणि मीटर हे त्यातले आग्रहाचे विषय. पैशासाठी अटी मान्य करायच्या आणि मीटरचा ठराव सभेत लोंबकळत ठेवायचा, हा मधला मार्ग बऱ्याच पालिकांनी चोखाळला. निवडणुकीच्या तोंडावर नळाला मीटर लावायची हिंमत कोण करणार!

ती केली कराडला खेटून असलेल्या मलकापूरने. तीसेक हजार वस्तीचं हे गाव. कोयनेचं पाणी, प्राधिकरणाने आखलेली योजना, आणि २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी. प्रत्येक जोडणीला मीटर, तोही लांबून रेडिओवर वाचता येणारा. राज्यभरातून लोक ते बघायला येऊ लागले, देशपातळीवर गौरवही झाला. मलकापूरचं खरं शहाणपण मला दरपत्रकात दिसतं. तिथे टप्प्याटप्प्याने चढणारा दर लावला: गरजेपुरतं पाणी स्वस्त, त्यापुढचं महाग. शिवाय पाणी कधीही येणार म्हटल्यावर लोकांनी साठवणं कमी केलं. आदल्या दिवशीचं 'शिळं' पाणी ओतून देऊन ताजं भरायची आपली जी सवय आहे, तिच्यात किती हंडे मोरीत जातात याचा कुणी कधी हिशेब मांडला नव्हता.

आता आकड्यांकडे. पुढचे दर कुठल्या गावचे नाहीत, नुसते समजण्यासाठी घेतले आहेत. ठोक पाणीपट्टी वर्षाला २,४०० रुपये आहे आणि मीटर लागल्यावर दर १००० लिटरला, म्हणजे एका युनिटला, १५ रुपये पडणार आहे असं धरू. शहरी पाणीपुरवठा आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप सर्रास वापरतात. दोघांच्या घराला २७० लिटर, वर्षाला साधारण ९८ युनिट, बिल १,४८० रुपयांच्या घरात. नऊशे रुपये वाचले. पाच जणांचं घर रोज ६७५ लिटर वापरतं, वर्षाला २४६ युनिट, बिल ३,७०० च्या आसपास. आठ जणांचं घर ५,९०० वर जातं. पाणी तेच आणि नळही तोच असला तरी ओझं घराच्या किमतीवरून माणसांच्या संख्येवर सरकलं.

टप्प्यांचा दर आला की आणखी एक पेच पडतो, आणि तो पेठांना जास्त लागतो. समजा महिन्याला १५ युनिटपर्यंत १५ रुपये आणि त्यापुढे २२ रुपये. आठ माणसं एकाच जोडणीवर असतील तर महिन्याला सुमारे ३३ युनिट होतात, त्यातले निम्म्याहून जास्त महागड्या टप्प्यात, आणि वर्षाचं बिल ७,४०० वर. हीच आठ माणसं चार-चार अशा दोन जोडण्यांवर असती तर दोघांचं मिळून ६,१५० च्या आसपास भरलं असतं. एक थेंबही जास्त न वापरता १,२५० रुपयांचा फटका. टप्पे जोडणीवर मोजायचे की माणशी, यावर एकत्र कुटुंबाचं आणि भाडेकरूंच्या वाड्याचं बिल ठरतं. मीटर बसवण्याच्या सभेत लोक मीटरच्या किमतीवरून तावातावाने भांडतात. दरपत्रकातली ही ओळ मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते भांडायचं असेल तर याच ओळीवरून भांडावं.

वाड्यात सामाईक नळाला एक मीटर बसला तर बिल वाटायचं कसं, हे वेगळंच प्रकरण. कुणी माणशी वाटतं, कुणी खोलीमागे. धुण्याचं मशीन असलेल्या बिऱ्हाडाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ज्यांना जमतं ते प्रत्येक बिऱ्हाडाला आतल्या आत छोटा मीटर लावून घेतात. त्याचं रीडिंग नगरपालिका धरत नाही, पण घरातला वाद तरी मिटतो.

मीटरची तबकडी कधी वाकून नीट पाहिली आहे का? काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट, बिल त्यांच्यावरच निघतं. लाल आकडे आणि लाल काटे लिटरांचे. मध्ये एक चांदणीसारखं बारीक चक्र असतं. घरातले सगळे नळ बंद करून रात्री ते पाहायचं. फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे, आणि ती ग्राहकाच्या माथी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो, ते एक वेळ चालून जाईल. खरा घातक निघतो तो गच्चीवरच्या टाकीतला बिघडलेला बॉलकॉक. मिनिटाला १० लिटरने रोज वीस मिनिटं टाकी वाहिली तर महिन्याला सहा युनिट पन्हाळीतून जातात, दोन माणसांच्या घराच्या जवळजवळ पाऊण महिन्याचं पाणी. ठोक पट्टीच्या काळात वाहणारी टाकी म्हणजे फार तर शेजाऱ्याच्या शिव्या. मीटर आल्यावर तिला किंमत लागली.

उलट तक्रारही तितकीच खरी. पाणी दिवसातून तास-दीड तास येतं तिथे वाहिनी मधल्या वेळात रिकामी होऊन हवेने भरते. चावी फिरवली की आधी ती हवा नळातून जोरात बाहेर पडते आणि मीटरचं चक्र तिच्याही जोरावर गरगरतं. 'आम्ही हवेचं बिल भरतो' हे वाक्य उपनगरांत ऐकू येतं ते काही अगदीच उगाच नाही. वाहिनीवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह नीट चालू असतील तर हे बरंच कमी होतं. मलकापूरला हा प्रश्न टळला, कारण तिथे वाहिनी कायम भरलेली. त्याच न्यायाने, टाकी भरत आल्यावर बॉलकॉकमधून येणारी बारीक धार जुन्या मीटरला कळतच नाही, आणि तेवढं पाणी फुकट पडतं. ते मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

मीटर बंद पडला, घराला कुलूप होतं किंवा झाकणावर चिखल साचला, तर येतं सरासरीचं बिल. मागच्या काही बिलांवरून अंदाजाने युनिट टाकतात. दोन-तीन फेऱ्या अशाच गेल्या की मीटर असूनही घर पुन्हा ठोक पट्टीवरच आलेलं असतं, फक्त जास्त दराने. मग कधीतरी खरं रीडिंग होतं आणि साठलेले सगळे युनिट एकाच बिलात येतात, तेही महागड्या टप्प्यात. अशा वेळी ते युनिट जितक्या महिन्यांचे तितक्या महिन्यांत विभागून टप्पे लावून मागावेत. त्यासाठी मीटर बसला त्या दिवसाच्या आकड्याचा आणि अधूनमधूनच्या रीडिंगचा मोबाइलवर फोटो काढलेला असेल तर काउंटरवर बोलणं सोपं जातं.

२०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली. शाहूपुरी, विलासपूर ही उपनगरं पालिकेत आली, दरम्यान कासची उंची वाढवायचं कामही पुढे गेलं आणि तलावाची साठवण आधीच्या कितीतरी पट झाली. म्हणजे उतारावरून येणारं पाणी वाढलं आणि मीटरची सवय असलेली वस्तीही त्याच शहरात आली. आता एका बाजूला मीटरचं बिल भरणारा उपनगरातला नागरिक विचारतो की गावभागाला ठोक पट्टी का, आणि गावभागातला म्हणतो की कासचं पाणी आमच्या दारात फुकट उतरतं, त्याला युनिटचा दर कसला.