डे केअर म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

‘डे केअरला पाठवलं म्हणजे म्हाताऱ्यांना टाकलं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गणपती-शिमग्यालाच चाकरमानी येतात अशा कोकणातल्या घरांत ही भीती साहजिकच आहे.

पण वृद्धाश्रमात मुक्काम असतो. डे केअर म्हणजे ज्येष्ठांना फक्त दिवसभर सांभाळणारं केंद्र; तिथून आजी दिवेलागणीला आपल्याच ओटीवर परतते. मुलांची जबाबदारीही संपत नाही: ज्येष्ठांना कायमचं सोडून देणं २००७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पडताळायचंय? दुपारी न सांगता केंद्रात जा. वेळापत्रक मागा, रात्रीची सोय आहे का विचारा. कुणी सातबारा मागितला तर मात्र उठून या! पुढची खरी अडचण वेगळीच आहे, चढणीवरच्या वाडीतून रोज ने-आण करणारी गाडी.