व्हीसेंटर डोमेनला जोडणं आणि डोमेनच्या लोकांना आत घेणं

"भाऊ, व्हीसेंटर डोमेनला तं जोडलं, मंग माह्या नावानं लॉगिन काहून होऊन नाही राहिलं?" व्हीसेंटर म्हणजे व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर चालणारे आभासी सर्व्हर) एका जागेवरून सांभाळायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, आणि डोमेन म्हणजे संस्थेच्या युजर आणि मशीनचा एकत्र सांभाळलेला गट. वणी, आर्वी, अचलपूरकडं कॉलेज, दवाखाना नाही तर जिनिंग मिलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडू शकतो. कारण ही दोन कामं आहेत, आणि व्हीसेंटरच्या सिंगल साइन ऑनच्या, म्हणजे लॉगिन ओळखण्याच्या, सेटिंगमध्ये दोन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत.

पहिलं काम डोमेन जॉइन. यात व्हीसेंटरचं मशीन स्वतः ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे डोमेनचे युजर आणि मशीन नोंदवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यादीचं, सभासद होतं. डिरेक्टरीत त्याच्या नावाचं कॉम्प्युटर अकाउंट तयार होतं, त्याला स्वतःचा पासवर्ड मिळतो आणि व्हीसेंटर रीस्टार्ट करावं लागतं. दुसरं काम आयडेंटिटी सोर्स जोडणं. यात व्हीसेंटरला सांगायचं असतं की अमुक डोमेनचे युजर ओळखायचे आणि त्यांची खातरजमा अमुक ठिकाणी करायची. पहिलं म्हणजे गावात राहायला येऊन रेशनकार्डावर नाव चढवणं. दुसरं म्हणजे बाहेरगावीच राहून तलाठ्याला विचारणं, की हा माणूस तुमच्याच गावचा ना?

जॉइन केल्यावरही आयडेंटिटी सोर्स वेगळा जोडावाच लागतो. त्या प्रकाराचं नाव इंटिग्रेटेड विंडोज ऑथेंटिकेशन. उलट एलडॅपवरून, म्हणजे डिरेक्टरीला माहिती विचारायच्या ठरलेल्या पद्धतीनं, सोर्स जोडायचा असेल तर जॉइनची गरजच नाही. सगळा घोळ इथंच होतो.

आता आपल्याकडच्या परिस्थितीत कोणतं बरं? जॉइनच्या अटी आधी बघा. व्हीसेंटरला पूर्ण डोमेन नाव हवं, नुसत्या आयपी पत्त्यावर उभं केलेलं चालत नाही. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, ते नाव बरोबर सापडायला हवं. शिवाय डोमेन कंट्रोलर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, लिहिता येणारा हवा. नागपूरच्या मुख्य कार्यालयानं तालुक्याच्या शाखेत सुरक्षेसाठी फक्त वाचता येणारा डोमेन कंट्रोलर ठेवला असेल, तर त्याच्या भरवशावर जॉइन होणार नाही.

सगळ्यात जास्त छळते ती वेळ. जॉइनच्या मागं कर्बेरॉस ही तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत असते आणि दोन घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की ती तिकीट नाकारते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीची मूळ मर्यादा तेवढीच आहे. मृगाच्या आधीच्या वादळात रात्री लाइन गेली, यूपीएसही उतरला, सकाळी जुना सर्व्हर सुरू केला तर मदरबोर्डची बॅटरी मेलेली आणि घड्याळ भलत्याच वर्षात. त्याच सर्व्हरवर डोमेन कंट्रोलरही व्हर्च्युअल मशीन म्हणून असेल, तर चुकीची वेळ तिथंही पोचू शकते. मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. म्हणून सर्व्हर, व्हीसेंटर आणि डोमेन कंट्रोलर तिघांनाही वेळेचा एकच स्रोत द्या, आणि ती बॅटरी पावसाळ्याआधी बदला. ही नाण्याएवढी वस्तू आहे, तिच्यासाठी अख्खं काम अडू देऊ नका.

एलडॅपएसला, म्हणजे सुरक्षित एलडॅपला, मिनिटांचा असा जाच नाही. ६३६ पोर्टवरून व्हीसेंटर सुरक्षित जोडणीनं डिरेक्टरीला विचारतं. त्यासाठी फक्त वाचण्याचा हक्क असलेलं एक साधं अकाउंट, युजर आणि ग्रुप कुठं शोधायचे तो पत्ता आणि डोमेन कंट्रोलरचं सर्टिफिकेट लागतं. मुख्य आणि पर्यायी असे दोन पत्ते देता येतात. एक नागपूरचा, एक शाखेतला दिला तर फायबर तुटल्यावरही निभावतं. घड्याळ थेट काही वर्षं मागं गेलं तर मात्र सर्टिफिकेट इथंही अडेल.

जोखीम वेगळ्या जागी असते. त्या वाचणाऱ्या अकाउंटचा पासवर्ड कुणी बदलला किंवा सर्टिफिकेटची मुदत संपली, की डोमेनच्या सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद. दोन्ही तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी हे मनापासून सांगतो.

माझं मत स्पष्ट आहे: नवीन उभारणीत जॉइन करू नका, एलडॅपएस घ्या. व्हीएमवेअरनं व्हीस्फिअर (व्हीसेंटर ज्याचा भाग आहे तो संच) ७ पासून, म्हणजे २०२० पासून, इंटिग्रेटेड विंडोज ऑथेंटिकेशन मोडीत काढायच्या यादीत टाकलंय. एकमेकांवर विश्वास ठेवणारी अनेक डोमेन असतील तर जॉइनची सोय मोठी होती, कारण एलडॅपमध्ये प्रत्येक डोमेनचा सोर्स वेगळा द्यावा लागतो. तालुक्याच्या संस्थेत एवढी डोमेन क्वचितच असतात.

दोन्हींपैकी काहीही केलं तरी परमिशन आपोआप मिळत नाही. डिरेक्टरीतला ग्रुप निवडून त्याला रोल, म्हणजे काय-काय करता येईल त्या हक्कांचा संच, द्यावा लागतो, तेव्हाच पोराला मशीन दिसतात. एकेका माणसाला रोल देऊ नका, ग्रुपलाच द्या; नोकरी सोडून गेलेल्याचं नाव ग्रुपमधून काढलं की झालं. आणि व्हीसेंटरचं स्वतःचं स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट कधीच विसरू नका. लाइन आल्यावर डोमेन कंट्रोलरच उठला नसेल, तर व्हीसेंटरमध्ये शिरायला तेवढीच वाट उरते. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, संस्थेच्या तिजोरीत ठेवा आणि तो कुठं आहे ते निदान दोघांना माहीत असू द्या.