प्रसाधनांवर मुदतीची तारीख कशी आली

घरातील साबण, क्रीम किंवा टूथपेस्टची मुदत उलटली तर वापरावी की टाकून द्यावी, हा प्रश्न फार जुना नाही, कारण प्रसाधनांवर तारीख छापण्याची पद्धतच अलीकडची आहे. साबणाच्या वडीत पाणी कमी आणि अल्कधर्मिता जास्त असल्याने जंतू सहसा वाढत नाहीत. जुनी वडी फार तर खवट होते. पाणी आणि तेल एकत्र घोटून केलेली क्रीम व लोशने वापरात आल्यावर मात्र जंतूंना पाणी आणि खाद्य दोन्ही मिळू लागले. म्हणूनच १९२० च्या दशकापासून पॅराबेन वर्गातील परिरक्षके त्यांत घातली जाऊ लागली.

अमेरिकेत १९३३ मध्ये 'लॅश ल्यूर' या पापण्यांच्या रंगामुळे डोळ्यांना गंभीर इजा झाल्या आणि १९३८ च्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनांवर प्रथमच केंद्रीय नियंत्रण आले. तरीही त्यांच्यावर तारीख छापण्याची सक्ती तिथे आजही नाही. सनस्क्रीन, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि कोंड्यावरील शाम्पू मात्र तिथे औषधांत मोडतात, त्यामुळे किमान तीन वर्षांची स्थिरता सिद्ध झालेली नसेल तर त्यांच्यावर तारीख लागते. ही तारीख मुख्यतः गुण टिकण्याची आहे, जंतूंची नव्हे. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

जंतूंचा प्रश्न १९७० च्या दशकात मस्कारामुळे ऐरणीवर आला. ब्रश पापण्यांवरून फिरून पुन्हा नळीत जाताना दरवेळी जंतू आत नेतो, परिरक्षकाचा जोर ओसरतो, आणि अशा दूषित मस्काराची काडी बुबुळाला खरचटली की स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग दृष्टीवर बेततो, असे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले. म्हणजे सीलबंद वस्तू किती टिकते, याइतकेच ती उघडल्यानंतर किती टिकते, हेही महत्त्वाचे ठरले.

युरोपने १९७६ च्या निर्देशात कमी टिकणाऱ्या प्रसाधनांपुरतीच तारीख मागितली होती. २००३ च्या दुरुस्तीने, ३० महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या उत्पादनांवर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात '६ एम', '१२ एम' असे उघडल्यानंतरचे महिने छापणे बंधनकारक केले. अंमल मार्च २००५ पासून झाला. फवाऱ्याचे बंद डबे आणि एकदाच वापरायच्या पुड्या यांना त्यातून सूट आहे, कारण त्यांच्या बाबतीत 'उघडल्यानंतर' असा काळच उरत नाही. या व्यवस्थेतील उणीव उघड आहे: महिने छापलेले असतात, पण डबी कधी उघडली याची नोंद वापरणाऱ्यानेच ठेवायची असते.