दोरी लावून आखलेलं रान

आपल्याकडे शेतकरी 'रानात जाऊन येतो' म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःच्या शेताकडेच निघालेला असतो. ते रान नांगरलेलं, बांध घातलेलं असतं. सतराव्या शतकातल्या इंग्रजी बागांविषयी वाचताना मला हे सारखं आठवतं. तिथल्या उमरावांच्या बागेत 'विल्डरनेस' नावाचा भाग असायचा. कोशात अर्थ पाहिला तर अरण्य, ओसाड मुलूख. बागेत मात्र दोरी लावून आखलेल्या सरळ वाटा, दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच छाटलेलं कुंपण आणि त्यामागे झाडं.

अशी जागा हवी कशाला? वाड्यासमोर फुलांचे नक्षीदार ताटवे असायचे, पण तिथे सावली नाही आणि खिडकीतून सगळं दिसतं. आडोसा, गारवा, दोन घटका खासगी बोलणं यासाठी पावलं विल्डरनेसकडे वळायची. इंग्रजीत गोंधळवून टाकण्याला 'बिविल्डर' म्हणतात, तो याच्याच नात्यातला शब्द. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या काळात असं विल्डरनेस लावलं गेलं आणि त्यातच १७०० च्या सुमारास ते प्रसिद्ध भूलभुलैयाचं कुंपण उभं राहिलं. जागा जेमतेम एक-तृतीयांश एकर, पण वाट चुकायला पुरेशी.

या सगळ्याचा खरा आधार होता हॉर्नबीम नावाचं झाड. त्याची गोष्ट मला बागेच्या नकाशापेक्षाही सुंदर वाटते. तुरीचा शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, हे आपल्या शिवारात कुणालाही ठाऊक असतं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटू पाहणाऱ्या अंकुरांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे मोकळे होतात. हॉर्नबीम दरवर्षी कातरत राहिलं, तर त्याची भिंत इतकी दाट होते की पलीकडचा माणूस दिसत नाही.

पण हे झाड पानगळीचं. मग हिवाळ्यात आडोसा कसा टिकायचा? एरवी पानगळीच्या दिवसांत देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान तिथून सुटून पडतं. कोवळ्या वयाच्या आणि सतत छाटलेल्या हॉर्नबीममध्ये हा थर पुरता तयारच होत नाही. पानं वाळून तांबूस होतात, कडांनी वळतात, पण फांदी सोडत नाहीत. वाऱ्यावर त्यांची सळसळ होत राहते आणि वसंतात नवे डोळे फुगले की मग ती गळतात. छाटणीमुळे झाड जणू लहानच राहतं, आणि म्हणून थंडीतही भिंत उभी राहते.

अठराव्या शतकात सरळ रेषांचा कंटाळा आला. बागांवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्टीफन स्विट्झर (१७१८) आणि बॅटी लँगली (१७२८) यांनी वळणावळणाच्या वाटांचा पुरस्कार केला. यॉर्कशरमधल्या कॅसल हॉवर्ड या वाड्याच्या रे वुड नावाच्या झाडीत तशा वाटा आधीच निघाल्या होत्या. फिलिप मिलर या बागतज्ज्ञाने समोर बुटकी फुलझाडं, मागे झुडपं, त्यामागे उंच वृक्ष अशी चढती रचना सुचवली. मग केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराचं युग आलं. हिरवळ थेट घराच्या भिंतीला भिडली आणि कितीतरी विल्डरनेस मोडली गेली. ब्राउन १७६४ पासून हॅम्प्टन कोर्टचा मुख्य माळी होता. तरीही तिथला भूलभुलैया वाचला. मला हे फार मोठं नशीब वाटतं, कारण लावलेली झाडं एकदा उपटली की त्यांच्यासोबत शंभर वर्षांची छाटणीही जाते.

लंडनजवळच्या हॅम हाउस या वाड्याच्या बागेत मात्र जुनी रचना परत आणली गेली. तिथला १६७१ चा आराखडा शिल्लक होता. त्याच्या आधारे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९७० च्या दशकात कामाला सुरुवात केली. मधल्या मोकळ्या जागेतून चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा निघतात आणि दोन्ही बाजूंना तीच हॉर्नबीमची कुंपणं आहेत, आजही कातरून राखलेली.